चार घरं आणि १७ ऑगस्ट: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी, ९ आठवडे

आजपासून लिहून ठेवायला सुरुवात करतेय. डॉक्टरांनी बाळाची तारीख दिलीय १७ ऑगस्ट, आणि त्याआधी चार घरांचे एस्टेट सेल मी घेऊन बसलेय, चारही घरच्यांना शब्द दिलाय, त्यातलं एकही सोडायचं नाहीये. शिवाय व्हिंटेजचं, म्हणजे जुन्या वस्तू विकायचं, ऑनलाइन काम चालूच आहे, रोजचं पॅकिंग, रोजचे प्रश्न, रोज कुणीतरी विचारणार की हे खरंच जुनं आहे का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एस्टेट सेल म्हणजे घरातलं माणूस गेलं किंवा मोठं घर सोडून लहान घरात जायचं असलं की सगळं सामान त्याच घरात मांडायचं, किमती लावायच्या आणि दोनतीन दिवसांत विकायचं. चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं. सॉर्टिंग आम्ही करतो, किमती आम्ही लावतो, सेल चालवतो, उरलेलं मार्गी लावतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो.

अडचण अशी की या धंद्यातलं माझं सगळं ज्ञान माझ्या डोक्यात आहे, आणि निम्मं तर डोक्यातही नाही, हातात आहे. खण ओढला की कळतं, कप उजेडासमोर धरला की कळतं. लिहिलेलं कुठेच नाही. माझ्याकडे काम करणारी मुलगी, तिला सगळे छोटी म्हणतात म्हणून इथेही छोटीच लिहिते, दोन वर्षं बरोबर आहे, कस्टमरशी बोलण्यात माझ्यापेक्षा सरस, पण किंमत लावायची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघते. ऑगस्टमध्ये मी तिथे नसणार. म्हणून या नोंदी.

१९ जानेवारी, १० आठवडे

पहिलं घर. वर्षभर बंद होतं. कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की मी सरळ बाहेर पळाले आणि अंगणात ओकले. छोटी पाणी घेऊन मागे आली, तिला तोपर्यंत सांगितलंच नव्हतं, आज सांगावं लागलं. ती रडायलाच लागली आनंदाने आणि पुढच्या मिनिटाला माझ्या हातातली पेटी काढून घेतली.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून माझ्या कामात काय काय हाताळावं लागतं ते एकेक सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी. आता माझ्यासाठी बंद झालेल्या गोष्टी: जुना रंग खरवडणं किंवा सँडपेपरने घासणं, कारण जुन्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ पोटात जाते आणि शिसं वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं. रंग काढायची केमिकल्स बंद. डांबरगोळ्यांचं कपाट दुसऱ्याने उघडायचं, कपडे मोकळ्या हवेत टाकायचे, मग मी बघणार. उंदराच्या लेंड्या असतील त्या खोलीत मी जायचंच नाही, आणि बाकीच्यांनीही कोरडा झाडू मारायचा नाही, जंतुनाशकाने भिजवून पुसून घ्यायचं, कारण साध्या घरातल्या उंदरांकडून येणारा एक व्हायरस गरोदरपणात बाळाला फार वाईट असतो. आणि खूप जुने आरसे. १८३५ मध्ये लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची पद्धत काढली, त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं आरशामागे कथिल आणि पारा असायचा, अशा आरशाच्या खालच्या कडेला कधीकधी पाऱ्याचे बारीक थेंब साठलेले असतात. तो आरसा कुणीच उलटा करायचा नाही.

हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून गाडीत चिकटवलं. दहा वर्षं हे सगळं मी उघड्या हातांनी केलं याचं आज वाईट वाटलं. ग्लोव्ह्ज आणि मास्क आता सगळ्यांनाच कंपल्सरी, फक्त मलाच नाही.

२ फेब्रुवारी, १२ आठवडे

पहिल्या घराचा सेल झाला. लहान घर, ठीक झालं. एकच खंत आहे, आम्ही यायच्या आधी घरच्यांनी "कचरा" काढून टाकला होता, मदत म्हणून. त्यात जुनी पत्रं, बिलं, पत्र्याचे डबे, शिवणकामाची बटणं, जुन्या कॅटलॉगांचा गठ्ठा. लोकांना वाटतं किंमत फर्निचरला असते. मोठ्या कपाटाला आज गिऱ्हाईक मिळत नाही आणि कागदावर मात्र लोक तुटून पडतात.

नियम, पुढच्या प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर: आम्ही बघेपर्यंत काहीही फेकू नका, फाटकं असलं तरी. घरच्यांना जे ठेवायचंय ते मात्र आधीच बाजूला काढा, सेलच्या दिवशी टॅग लागलेली वस्तू परत मागितली की भावाबहिणींत भांडणं होतात आणि मध्ये आम्ही सापडतो.

२३ फेब्रुवारी, १५ आठवडे

मळमळ थांबली!! अंगात जीव आला. तीन दिवसांत साठलेल्या सगळ्या ऑर्डर पॅक करून टाकल्या. लोकरीच्या कपड्यांत कसर दिसली होती, ते हवाबंद पिशव्यांत घालून उणे १८ डिग्रीला फ्रीझरमध्ये ठेवलेत, दोन आठवडे, त्याच्या आत काढायचे नाहीत हे पिशवीवर लिहिलं.

९ मार्च, १७ आठवडे

दुसरं घर. हे मोठं आहे, दोन मजले, आणि घरातल्या आजी गेल्यावर मुलगी सगळं आवरतेय. त्यांना मी ताई म्हणते.

आज पाळण्याचा विषय झाला, तो सविस्तर लिहिते कारण अजून डोक्यातून जात नाहीये. वरच्या खोलीत लाकडी पाळणा होता, पांढरा रंगवलेला, कातलेल्या गजांचा, दिसायला इतका सुरेख की बघताक्षणी मीच त्याच्यापाशी बसले. ताईंनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा विकायचा नाही. हा तुमच्या बाळासाठी. आम्ही तिघं भावंडं यातच झोपलो." डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले.

मग मी टेप काढला. नको वाटत होतं पण काढला. गजांमधलं अंतर ९ सेंटीमीटर. आज पाळण्याचे नियम सहाच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. टेप नसेल तर सोपी टेस्ट आहे, कोल्ड्रिंकचा नेहमीचा कॅन दोन गजांमधून आरपार गेला तर पाळणा बाळासाठी नाही. इथे कॅन हात न लागता गेला. वर रंगाचे तीन थर, पांढऱ्याखाली हिरवा, त्याच्याखाली पिवळट, आणि कठड्यावर बारीक दातांचे व्रण. कुणीतरी दात येताना तिथे चावलेलं आहे. छोटीने ग्लोव्ह्ज घालून शिशाच्या टेस्टची काडी घासली, काडी गुलाबी झाली, म्हणजे शिसं आहे. अमेरिकेत घरच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद केलं, हा पाळणा त्याच्या बराच आधीचा.

ताईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "आम्हाला तर काही झालं नाही." याला उत्तर देणं फार अवघड आहे. त्यांच्या आईवर मी बोट दाखवतेय असं त्यांना वाटायला नको होतं. मी एवढंच म्हटलं की तुमच्या आईंना हे माहीत असतं तर त्यांनीच पहिल्यांदा टेप आणला असता. बराच वेळ त्या त्या दातांच्या खुणेवरून बोट फिरवत होत्या, ग्लोव्ह घालून. मग म्हणाल्या की हे दात बहुतेक धाकट्याचे.

पाळणा विकायचाही नाही असं ठरलं, कारण टॅगवर कितीही मोठं लिहिलं "बाळासाठी वापरू नये" तरी पुढे तो कुणाच्या हाती जाईल आणि टॅग कुठे जाईल सांगता येत नाही. रंगावर पक्कं सीलिंग करून ताई तो स्वतःकडे ठेवणार, पांघरुणं ठेवायला.

हाच नियम आता सगळ्या बाळाच्या सामानाला. बाजू खाली सरकणारे पाळणे तर अमेरिकेत जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे. कारमधली बाळाची सीट, तिचा आधी अपघात झालाय की नाही ते माहीत नसेल तर विकायची नाही, फुकटही द्यायची नाही.

२५ मार्च, १९ आठवडे

सेलचा दुसरा दिवस. गल्ला मोजताना पोटात काहीतरी फडफडलं. मासोळीने शेपटी मारावी तसं. थांबले, वाट बघितली, परत झालं. नोटा पहिल्यापासून मोजल्या.

२९ मार्च, १९ आठवडे

चूक झाली, आणि ती माझी आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळं अर्ध्या किमतीला काढतो. (पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी २५ टक्के कमी, तिसऱ्या दिवशी ५०.) मी दुपारी घरी जाऊन आडवी झाले होते, पाठ फार भरून आली होती. छोटीने काटेचमच्यांचा एक गठ्ठा प्लेटेड म्हणून विकला, बारा नग. आज सेलचे फोटो मोठे करून बघताना त्यातल्या चार काट्यांच्या दांडीमागे ९२५ दिसलं. म्हणजे स्टर्लिंग, १००० भागांत ९२५ भाग चांदी. बाकीच्या आठांवर ई पी एन एस, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचं नुसतं पाणी. चारही काटे काळे पडलेले, शिक्का तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही.

मला हे हाताला कळतं. प्लेटेड चमचा टेकतो त्या टाचेवर घासून घासून आतला धातू डोकावतो, तिथे रंग बदलतो, आणि खरी चांदी झिजली तरी आतून चांदीच असते. मी दहा वर्षं अंगठा त्या जागेवर फिरवतेय. छोटीला कधी सांगितलं? कधीच नाही. माझ्या शेजारी उभी राहून तिला ते आपोआप कळेल असं मी गृहीत धरलं होतं.

ताईंना फोन करून खरं ते सांगितलं आणि फरकाची रक्कम माझ्या हिश्शातून दिली. त्या म्हणाल्या गरज नव्हती. होती. छोटी दिवसभर बोलली नाही, संध्याकाळी मला म्हणाली (तीही मला ताईच म्हणते), "ताई, मला ओरडा तरी." ओरडण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं.

१३ एप्रिल, २२ आठवडे

वही लिहायला घेतलीय. दोन आठवड्यांत नव्वद पानं झाली. चांदी, चिनी माती, काच, लाकूड, कापड, कागद, रेकॉर्ड्स. थोडं इथेही टाकते.

बोन चायना उजेडासमोर धरून मागे बोटं हलवायची, सावली दिसली पाहिजे. काच: साच्यातली असेल तर शिवणीसारखी रेघ लागते बोटाला, हाताने कापलेल्या काचेच्या कडा धारदार असतात. हिरवट पिवळी काच अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली झगझगीत हिरवी पेटली तर युरेनियम ग्लास. फर्निचरमध्ये अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही, म्हणजे कपाट तरी तेवढं जुनं नाही किंवा नंतर दुरुस्त केलंय. खणाच्या कोपऱ्यातले सांधे सगळे एकसारखे असतील तर मशीनचे, एखादा जाड एखादा बारीक असेल तर हाताचे. रेकॉर्ड जड आणि कडक असेल तर लाखेची, ती पडली की संपली. व्हिनाइलचा एलपी १९४८ ला आला. दोन्ही उभ्याच ठेवायच्या, आडव्या रचल्या की वाकतात. बेकेलाइट, म्हणजे जुनं कडक प्लास्टिक (१९०७, बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं), गरम पाण्यात बुडवून वास घ्यायचा, तो वास एकदा ओळखला की विसरत नाही, पण हे काम आता छोटीचं, माझं नाही.

१०० वर्षांपलीकडचं अँटिक, साधारण २० वर्षांपलीकडचं व्हिंटेज. या दोन शब्दांत गल्लत करायची नाही, लिस्टिंगमध्ये तर अजिबात नाही.

२७ एप्रिल, २४ आठवडे

वही कामाची नाही. पुस्तकांच्या लॉटवर ट्रायल घेतली, मी खुर्चीत गप्प बसले, छोटीने वही बघून किमती लावायच्या. एका वस्तूला वीस मिनिटं लागली तिला. सेलच्या सकाळी रांगेत लोक नंबर घेऊन उभे असतात तेव्हा नव्वद पानं कोण उलटणार. मी थकलेय आज. पायही सुजलेत.

४ मे, २५ आठवडे

तिसरं घर, घड्याळजी काकांचं. ऐंशीच्या पुढचे आहेत, मुलाकडे राहायला चाललेत. दुकान बंद करून खूप वर्षं झाली पण एक पूर्ण खोली अजून दुकानच आहे. लहान लहान खणांचं कपाट, प्रत्येक खणात काटे, चाव्या, काचा, स्प्रिंगा, आणि प्रत्येक खणावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी.

आतापर्यंत मी घरात शिरले की फिरत सुटायचे. आज नाही जमलं. सांधे सैल झाल्यासारखे वाटतात, डॉक्टर म्हणाले या काळात रिलॅक्सिन नावाचं हार्मोन खरंच अस्थिबंध सैल करतं, तोल सांभाळा, वजन उचलू नका. तर काकांनी त्यांच्या शेजारी स्टूल दिलं आणि मी बसले. ते एकेक खण काढतात, सांगतात, मी लिहिते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त अकरा खण झाले. इतक्या हळू मी कधीच काम केलेलं नाही, आणि एवढं शिकलेही नाही.

५ मे

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात पत्र्याचा चपटा डबा होता. मी हात घातला आणि काका इतक्या जोरात ओरडले, "पोरी, तो नको!" की छोटी बाहेरून धावत आली. त्यात जुन्या डायली आणि काटे होते, अंधारात चमकायचे ते, रेडियमच्या रंगाचे. मी म्हटलं काका हे आता चमकत नाहीत. तर म्हणाले, "चमकणारी पावडर मेली. रेडियम नाही मेलं. ते आपल्या सगळ्यांच्या पुढे जाणार." बरोबर आहे, रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. बंद घड्याळात ते काचेआड असतं, धोका रंगाचे पोपडे निघून धूळ झाली की, ती श्वासातून आत गेली तर.

त्यांनी मला खोलीबाहेर बसवलं, स्वतः मास्क लावून डबा दोन पिशव्यांत बांधला आणि वर लिहिलं "उघडू नये, रेडियम." तो विकायचा नाही, किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सरकारी यंत्रणेला विचारून त्यांच्या पद्धतीने द्यायचा. नंतरच्या काळातल्या डायलींवर, १९६० च्या दशकापासून, रेडियमऐवजी ट्रिटियम आलं, सहा आकड्याच्या खाली स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर ते. हे त्यांनी मला दाराबाहेरून शिकवलं, भिंग माझ्या हातात देऊन.

११ मे, २६ आठवडे

आज जे बघितलं ते आधी का माहीत नव्हतं मला.

काकांनी एक हातातलं घड्याळ घेतलं, मागचं झाकण उघडलं आणि आतली बाजू भिंगाखाली धरली. गुळगुळीत धातूवर सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा, चार वेगवेगळ्या हातांच्या. आकडे, एखादं अक्षर, महिना आणि साल. दुरुस्त करणारा प्रत्येक घड्याळजी आतून खूण करून ठेवतो, काय केलं, कधी केलं. घड्याळ वापरणाऱ्याला ती आयुष्यात दिसत नाही. मी विचारलं मग कुणासाठी. म्हणाले, "पुढचा जो उघडेल त्याच्यासाठी. त्याने पुन्हा पहिल्यापासून शोधू नये ना."

त्यांची स्वतःची खूण म्हणजे एक आडवी रेघ, वर दोन टिंबं, खाली महिना आणि साल. त्या एका झाकणात ती दोनदा होती, मध्ये नऊ वर्षांचं अंतर. दुसऱ्या वेळी रेघ किंचित तिरकी. "तेव्हा हात कापायला लागला होता," म्हणाले.

घरी येताना गाडीतच छोटीला म्हटलं, वही बंद. टॅगची मागची बाजू वापरायची. पुढे किंमत, मागे पेन्सिलीने कारण, फार तर सहासात शब्द. "टाच झिजलीय, पिवळं दिसतं, प्लेटेड." "सांधे हाताचे, एक स्क्रू नवा." जी वस्तू बघायचीय तिच्यावरच तिचं कारण. कस्टमरनेही वाचलं तर वाचू दे, आपल्याला लपवण्यासारखं काही नाही.

२५ मे, २८ आठवडे

काकांच्या घरातल्या साडेसहाशे टॅगांच्या मागे कारणं लिहून झाली. पहिली दोनशे मी, मग निम्मी निम्मी, शेवटची दोनशे एकट्या छोटीने, मी फक्त तपासली. सात ठिकाणी बदल केला. त्यातल्या दोन ठिकाणी नंतर कळलं की तिचंच बरोबर होतं.

बाळाच्या हालचालींचा रोजचा अंदाज ठेवायला सांगितलंय आता. दुपारी शांत, रात्री पॅकिंग टेप ओढला की त्या आवाजाला हमखास लाथ मारतं.

८ जून, ३० आठवडे

काकांचा सेल संपला. घड्याळांची अवजारं सगळ्यात आधी गेली, पहिल्या तासात, आणि घेणारे निम्म्याहून जास्त तरुण दुरुस्ती करणारे होते, काका त्यांच्याशी बोलत बसले, एकाला चिमटा कसा धरायचा ते दाखवलं. खणांचं कपाट एका मुलीने चिठ्ठ्यांसकट घेतलं, चिठ्ठ्या काढणार नाही असं कबूल करून.

टॅगामागचं वाचून लोक घासाघीस कमी करतात. ही अपेक्षा नव्हती.

२२ जून, ३२ आठवडे

ब्लडप्रेशर थोडं वर आलंय. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण उभं राहायचं काम बंद, घरी रोज मोजायचं, आणि खूप डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, चेहरा किंवा हात एकदम सुजले, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी निघून यायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे छोटीलाही पाठ करायला लावलंय कारण दिवसभर तीच बरोबर असते.

म्हणजे चौथ्या घराला मी नाही. रात्री खूप रडले. मुळात शब्द मी दिला होता.

२४ जून

चौथ्या घरच्या दादांना फोन केला. त्यांना हे आवडलं नाही, स्पष्टच म्हणाले की आम्ही तुम्हाला बघून काम दिलं. मी म्हटलं करार मोडायचा असेल तर माझी काही हरकत नाही, ॲडव्हान्स परत करते, पण एकदा तिला भेटा आणि तुमच्या घरातली कुठलीही एक वस्तू तिच्या हातात द्या. त्यांनी भेट दिली. छोटीने म्हणे त्यांच्या साखरेच्या भांड्याच्या बुडाशी अंगठा फिरवला आणि काही न बोलता टॅग लिहून त्यांच्यापुढे ठेवला, मागची बाजू वर करून. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, चालेल.

६ जुलै, ३४ आठवडे

ऑनलाइन दुकान २५ जुलैपासून बंद ठेवणार. आजपासून नवीन लिस्टिंग नाही, आहे तेच विकायचं. रिटर्नची मुदत सगळ्यांना आधीच कळवलीय. बबल रॅपचा ढीग आणि टेपची पेटी नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून हलवली, तिथे आता बाळाचं सामान येईल. पाळणा नवा घेतला. कपड्यांसाठी खणांचं जुनं कपाट ठेवलं, माझ्याच स्टॉकमधलं, वरचा रंग टेस्ट करून, आणि मागून भिंतीला पट्टीने जखडून, कारण मूल रांगायला लागलं की खण ओढून त्यावर चढतं आणि कपाट अंगावर येतं. नवऱ्याने दोनदा ओढून बघितलं. हललं नाही.

२० जुलै, ३६ आठवडे

छोटी रोज रात्री फोटो पाठवते, त्या दिवशीचे टॅग, दोन्ही बाजू. मी डाव्या कुशीवर पडून बघते. आज एकही बदल सुचवला नाही. एका ठिकाणी हात शिवशिवत होता, एका दिव्याची किंमत मी जास्त लावली असती, पण मागे तिने लिहिलंय "वायर बदलावी लागेल, घेणाऱ्याचा खर्च." मी ते विचारात घेतलं नसतं.

२७ जुलै, ३७ आठवडे

बॅग भरून दाराशी. चौथा सेल शुक्रवारपासून.

२ ऑगस्ट, ३७ आठवडे

तिन्ही दिवस मी फोन केला नाही. कठीण गेलं. नवऱ्याने विचारलं तरी म्हटलं नाही, ती करेल गरज असली तर. तिचा फोन आला नाही. फक्त आज दुपारी एक फोटो आला.

चौथ्या घरातल्या ड्रेसिंग टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं एक बायकी घड्याळ निघालं होतं. डायल बघून, टी आहेत का ते तपासून तिने मग मागचं झाकण उघडून घेतलं होतं, आणि भिंगातून काढलेला फोटो होता तो. आतल्या धातूवर एक आडवी रेघ, वर दोन टिंबं, खाली महिना आणि साल. रेघ सरळ होती.

त्याखाली टॅगचा फोटो, पुढची बाजू, किंमत लावलेली. मग मागची, छोटीच्या अक्षरात: "काकांनी दुरुस्त केलेलं. चालू आहे. त्यांना आधी विचारा."

मी तिला विचारलं, विचारलंस का.

"हो ताई. घ्यायला निघालेत."